भिंतीपासून चार बोटं

प्रिय मुक्ता आणि निषाद,

परवा व्हिडिओ कॉलवर मुक्ताने मला दोन प्रश्न विचारले आणि चहा उतू जातोय असं सांगून मी फोन ठेवला. चहा उतू जात नव्हता. उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती, म्हणून लिहायला बसले आहे.

निषाद, तुझ्या बहिणीने तुला स्वतःच सगळं सांगितलं आहे असं कळलं, म्हणून दोघांना एकत्र लिहिते. मुक्ताचा उजवा डोळा तीन आठवडे लाल होता आणि उजेड सहन होत नव्हता. औषधाने तो बरा झाला, पण तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यात एचएलए बी-सत्तावीस नावाची गोष्ट सापडली. मुक्ताचा पहिला प्रश्न होता, "आजी, आता माझी पाठ वाकणार का?" आणि दुसरा, "हे मी कुणाकुणाला सांगायचं?"

मी डॉक्टर नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक दिले. पण बी-सत्तावीस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं त्याला आता बारा वर्षं झाली, आणि ते ऐकलं एका घरमालकाच्या तोंडून. मुक्ताच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला त्यांच्याकडूनच मिळाली. त्यामुळे आधी ते कसे होते ते सांगावं लागेल.

आमची वाशीची इमारत पाडून नवी बांधायला घेतली, तेव्हा चार वर्षं आम्ही खारघरला भाड्याने राहिलो. उंच टॉवरच्या मागे जुनं गाव आहे, तिथे एका चार मजली इमारतीत. मालक त्या गावचेच आगरी. शेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, त्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर त्यांनी ही इमारत बांधली होती. तळमजल्यावर ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, वर आम्ही भाडेकरू. सगळे त्यांना मालक म्हणत. मीही तेच म्हणते.

जागा बघायला गेलो तेव्हा तुमच्या आजोबांनी कागदपत्रांची फाइल उघडून धरली होती. मालकांनी ती पाहिलीसुद्धा नाही. व्हेज की नॉनव्हेज, माणसं किती, काही विचारलं नाही. पंपाच्या खोलीच्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "साहेब, आदी तिथं उबं र्‍हा. टाचा भितीला, पाठ भितीला. आता डोकं टेकवा."

आजोबांनी डोकं टेकवलं.

"बाय, आता तू."

मला त्यांनी पहिल्या दिवसापासून 'तू' म्हटलं. मीही उभी राहिले. माझं डोकं टेकलं. मालकांनी आमच्या डोक्यामागून हात फिरवून खात्री केली आणि विचारलं, "सकाली उठल्यावर चपला पायानं शोधतस का वाकून बघतस?"

"पायाने," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"मंजे आलशी हायस. आजारी नायस. कधी येताव र्‍हायला?"

परतताना आजोबा म्हणाले, "हा माणूस भाडेकरू ठेवतोय की घोडे विकत घेतोय?" पण आठवडाभरात आम्ही सामान हलवलं.

मालकांची पाठ कमरेपासून पुढे वाकलेली होती आणि मान हलत नव्हती. मागे बघायचं असेल तर कपाट फिरवावं तसं ते अख्खे फिरायचे. नजर कायम जमिनीकडे. त्यामुळे ते माणसं ओळखायचे ती पायांवरून. "साहेबांचा डावा बूट भायेरून झिजतो" हे त्यांनी मला आठव्या दिवशी सांगितलं. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. नवी चप्पल घेतली की आपण कोण ते पुन्हा सांगावं लागे. चेहरा बघून बोलायचं असेल तर ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहत आणि आम्ही खाली अंगणात. मग त्यांची नजर बरोबर आमच्या तोंडावर पडायची. तिसरी पायरी हे त्यांचं ऑफिस होतं.

त्यांच्या स्कूटरला चार आरसे होते. दोन नेहमीचे, दोन गॅरेजवाल्याकडून जास्तीचे बसवून घेतलेले. गावातली पोरं 'मालकांचं सलून आलं' असं ओरडायची. मालक म्हणायचे, "हसा. माज्या मागं कोन हसतंय ते मना चारी बाजूंनी दिसतं."

आणि ते बसत नसत. जेवायला बसले तरी मधे उठून एक फेरी मारून येत. पेपर उभ्याने, चहा उभ्याने. या आजाराचं तेच वैशिष्ट्य आहे असं मला नंतर कळलं. इतर पाठदुखीत माणूस पडून राहिला की बरं वाटतं. यात उलटं. रात्रभर पडलं की सकाळी पाठ लाकडासारखी होते आणि हालचाल केली की हळूहळू सुटते. मालक म्हणायचे, "बसलो का गंजलो."

पण हे कळायला त्यांची अठरा वर्षं गेली होती. विशीत पाठ धरली. कुणी गॅस म्हणालं, कुणी नस म्हणालं, उरणच्या एका माणसाने तेलाने इतकं रगडलं की चार दिवस ताप आला. त्यांचे वडीलही म्हातारपणी असेच वाकले होते, पण ते मिठागरात मीठ वाहून वाकले असं सगळे धरून चालले होते. गावातले निम्मे म्हातारे वाकलेले, त्यात एक हा. शेवटी सांधेविकाराच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि नाव सांगितलं. तोवर मणके एकमेकांना चिकटले होते. औषधाने दुखणं थांबलं, वाक गेला नाही.

दुसरा कुणी असता तर कडवट झाला असता. मालक उत्सुक झाले. त्यांना एकदम आपल्या आयुष्याचं उत्तर मिळालं होतं आणि ते उत्तर एक आकडा होतं. बी-सत्तावीस. घराचा क्रमांक सांगावा तशा अभिमानाने ते तो सांगत.

मला त्यांनी तो समजावला तो असा. खाली अंगणात मासळीवाली आली होती. तिने टोपली उतरवली, वरचं फडकं बाजूला केलं. मालक तिसऱ्या पायरीवरून म्हणाले, "हे बघ बाय. आपल्या अंगात लाखो घरं हायत. हरेक घर दारात एक टोपली धरतं. आत काय शिजतंय त्याचा नमुना टोपलीत ठेवतं. आनि गावातून पोलीसपाटील फिरतो, टोपलीत बघतो. आपला माल असंल तर पुढं जातो. चोरीचा दिसला, मंजे रोगाचं जंतू, तर घर मोरून टाकतो."

"आणि सत्तावीस?"

"तो माजे टोपलीचा लंबर. टोपल्या हजार तर्‍हेच्या. आईकरून एक, बापाकरून एक. माजी बापाची. तिच्यात आपलाच माल ठेवला तरी पाटलाला चोरीचा वाटतो. मग तो माज्या कण्यावर लाठी चालवतो."

मासळीवाली म्हणाली, "मालक, तुमची टोपली र्‍हाऊ द्या, माजीतलं बोंबील घ्या."

मी डॉक्टरीणबाईंना नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, मालकांचं वर्णन पाठ्यपुस्तकापेक्षा बरं आहे. फक्त पाटील नेमका का चुकतो ते अजून कुणालाच पक्कं ठाऊक नाही, तेवढं त्यांना सांगा. मी सांगितलं. मालक खूश झाले. "मंजे मना जेवढं कलतं तेवढंच डाक्टरला," म्हणाले.

बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. ही टोपली असणाऱ्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. शिवाय काही विषाणूंशी हीच टोपली जास्त चांगली लढते. आणि म्हणून, ज्याला काही त्रास नाही त्याचं रक्त तपासत बसू नका.

हे शेवटचं वाक्य मालकांनी ऐकलं नाही. मीही ऐकून सोडून दिलं, कारण तोवर आमचं काम सुरू झालं होतं.

मालकांना शोधायचं होतं की वडिलांची टोपली घरात कुठे कुठे पोहोचली. अठरा वर्षं आपली गेली तशी पुढे कुणाची जाऊ नयेत, हा त्यांचा हेतू. त्यांनी मला विचारलं, "बाय, तू पुस्तकांची नोंद ठेवायचीस ना? माज्या मानसांची ठेव."

मला आधी नाही म्हणता आलं असतं. पण निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि वर्गीकरण करायला माझ्याकडे मसाल्याच्या डब्यांशिवाय काही उरलं नव्हतं. मी लांब वही आणली. नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, वय, सकाळी पाठ सुटायला किती मिनिटं, टाच दुखते का, डोळा कधी लाल झाला का, आणि भिंत ते डोकं अंतर, बोटांत. बोटं मालकांची, म्हणजे माप सगळ्यांना एकच.

गावदेवीच्या जत्रेला त्यांची सगळी भावकी एका घरी जेवते. उरणहून, खांदेश्वरहून, सगळीकडून माणसं येतात. मालकांनी त्याच दिवशी प्रयोगशाळेचा माणूस बोलावला आणि दारात उभे राहिले. "आदी रक्त, मग मटन." अठरा वर्षांखालच्यांना डॉक्टरीणबाईंच्या धाकाने वगळलं. बाकी सदतीस जणांनी बाह्या वर केल्या. एक जावई म्हणाला, "मालक, आमी तर भायेरचे." मालक म्हणाले, "मटन तर आतलंच खानार ना?"

निकाल आले. मी एका मोठ्या कागदावर वंशवृक्ष काढला. मेलेले, जिवंत, लहान मुलं, सगळे मिळून बावन्न नावं. स्केलने रेघा, काळ्या शाईने नावं. ज्यांच्या रक्तात सत्तावीस निघाला त्या नऊ जणांच्या नावासमोर लाल ठिपका. तो ठिपका माझी कल्पना. ग्रंथालयात बाहेर न न्यायच्या पुस्तकांवर आम्ही तसाच लावत असू.

मालकांना तक्ता इतका आवडला की त्यांनी तो काचेत बसवून बाहेरच्या खोलीत लावला, गावदेवीच्या आणि वडिलांच्या फोटोंच्या मधे. माझं नाव कुठेही नसताना मला त्या तक्त्याचा फार अभिमान वाटला होता.

नऊ ठिपक्यांत एक दर्शना होती. मालकांच्या धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा चोवीस वर्षांची, खारघरच्याच एका कॉलेजात नोकरीला. पाठ सरळ, सकाळी टेकडीवर पळायला जायची. तिचं लग्न उरणच्या एका मुलाशी ठरलं होतं आणि हळदीची तारीख पक्की करायला मुलाकडचे येणार होते.

मी त्या वेळी तिथेच होते. दर्शनाच्या आईने मला पोहे परतायला बोलावलं होतं. मुलाची आई खोलीत बसली होती आणि तिची नजर तक्त्यावर होती.

"यो झारासारखा काय काढलाय?"

"आमचा वंस," मालक म्हणाले. त्यांनी उत्साहाने सगळं सांगायला सुरुवात केली. आजोबा, पणजोबा, टोपली.

"आनि लाल?"

"ज्याच्या रक्तात सत्तावीस हाय तो."

"मंजे रोग?"

"रोग नाय गो. टोपली."

मुलाची आई उठून तक्त्याजवळ गेली. तिने बोट ठेवून नावं वाचली. मी अक्षर फार स्पष्ट काढलं होतं. बोट दर्शनाच्या नावावर थांबलं, तेव्हा दर्शना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

चहा सगळ्यांनी प्यायला. चार दिवसांनी उरणहून फोन आला की हळद जरा पुढे ढकलू.

दर्शनाचे वडील वर आमच्याकडे आले. बसले नाहीत. ते मला म्हणाले, "दादा येडा हाय, गावाला म्हायत हाय. पन बाय, तुमी शिकलेल्या. तुमाला तरी कलायला पायजे व्हतं."

मुक्ता, मला आयुष्यात बरंच बोललं गेलं आहे. हे मी विसरले नाही, कारण ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मालक आणि मी रिक्षाने उरणला निघालो. स्कूटरवर मागे बसायला मी नकार दिला. रस्त्याला कंटेनरच्या रांगा होत्या आणि दर पंधरा मिनिटांनी मालक रिक्षा थांबवून खाली उतरत, दोन कंटेनरच्या लांबीएवढं चालून येत. रिक्षावाल्याने विचारलं, "आजोबांना शुगर आहे का?" मालक म्हणाले, "नाय रं. गंज हाय." असंच एकदा चालून आल्यावर म्हणाले, "पोरीनं मना काय बी बोल्लं नाय. शिव्या घातल्या असत्या तर बरं व्हतं."

मुलाची आई वाईट बाई नव्हती. तिने आम्हाला सरबत दिलं. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं नीट, क्रमाने सांगितलं. टोपली म्हणजे आजार नाही. नऊ जणांत आजारी एकटे मालक. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी बोलताव ते खरं असंल. पन माजा एकच पोर हाय. उद्या ही वाकली तर बघनार कोन? मी अशी वाकलेली मानसं बघितल्यान मिठागरात. त्यांच्या बायका पन बघितल्यान."

मी मालकांकडे पाहिलं. ते एका जागी उभे होते, न हलता, आणि मला आश्चर्य वाटलं, कारण ते कधी एका जागी उभे राहत नसत. त्यांची नजर नेहमीप्रमाणे जमिनीवर होती, समोरच्या खुर्चीतल्या पायांवर. खुर्चीत मुलाचे वडील बसले होते. बायको आत गेली आणि तिने तिथून हाक मारली, तेव्हा ते मान न वळवता अख्खे वळले. उठताना दोन्ही हातांनी गुडघे दाबून उठले. खांद्यावरच्या टॉवेलने ते सारखा एक डोळा टिपत होते.

मालक म्हणाले, "पाव्हनं, तुमची विहीर कुटं हाय? जरा पाय मोकलं करू."

दोघे मागे गेले. बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी बघायला गेले. घराच्या मागच्या भिंतीला दोघे पाठ लावून शेजारी शेजारी उभे होते. टाचा भिंतीला. दोघांचीही डोकी भिंतीपासून पुढे. मालक हात मागे घालून मोजत होते.

"चार बोटं," ते म्हणाले. "माजी सात व्हती, मोजली तवा. सकाली सुटायला किती येल लागतो?"

"ऊन वर येईपरत."

"डोला?"

"वर्सातून दोनदा तरी येतो."

"कोनाला सांगितलंस?"

"कोनाला सांगू? मीठ व्हायलं मी बारा वर्सं. घरचे त्यालाच लावतात." मग टॉवेलने डोळा टिपत, "हिला नका सांगू. पोराला तर नकोच."

"माज्या तक्त्यात तुजं नाव नाय," मालक म्हणाले.

मी पावलांचा आवाज न करता परत फिरले. अर्थात मालकांना माझ्या चपला दिसल्याच असणार.

परतताना रिक्षात मी म्हटलं, "मालक, एक वाक्य बोलला असतात तर हळद आजच ठरली असती. जे त्यांना सुनेत नको आहे ते त्यांच्याच घरात आहे."

त्यांनी रिक्षा थांबवली आणि कंटेनरच्या कडेने एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "ते त्याचं हाय, बाय. मी कसा सांगू? आमचं मी भितीवर टांगलं, ती एक चूक बस जाली."

मी ग्रंथपाल होते. कुठलं पुस्तक कुणी नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. त्याची आठवण मला एका माणसाने रिक्षात करून द्यावी लागली, आणि तो माणूस कधी ग्रंथालयात गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात उरणहून निरोप आला. डॉक्टरांचा दाखला आणा की मुलीला काही होणार नाही, मग तारीख धरू. दर्शनाने तो निरोप तिसऱ्या पायरीसमोर उभं राहून ऐकला.

"काका, मी काय टेम्पो आहे का, फिटनेस सर्टिफिकेट द्यायला?"

"पोरी, माजी चूक..."

"तुमची चूक आहेच. तिचं टेन्शन तुम्ही घ्या. पण हे लग्न मी मोडतेय, ते तुमच्या खात्यावर लिहू नका."

ती कामावर निघून गेली. तिच्या आईने दोन महिने मालकांशी अबोला धरला. ते दोन महिने मालक रोज संध्याकाळी दर्शनाच्या येण्याच्या वेळी तिसऱ्या पायरीवर उभे असत आणि ती 'काका, नंतर बोलू' म्हणून आत जायची. मग एके दिवशी तिने तिथेच उभं राहून विचारलं की सकाळी टेकडीवर येता का, हळू चालू. दुसऱ्या दिवसापासून ते जाऊ लागले.

दर्शनाने लग्न मोडलं त्याच दिवशी दुपारी मालक काच काढलेला तक्ता काखेत धरून वर आले. एवढे जिने ते सहसा चढत नसत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तक्ता पसरला.

"बाय, लाल पेन काढ. सगल्यांना ठिपका दे."

"खोटी नोंद मी करणार नाही," मी म्हटलं. "हवं तर नवा कागद घेऊन ठिपक्यांशिवाय काढते."

"खोटी कशी? टोपली नाय असा एक मानूस दाखव मना."

मी चार दिवस मागितले आणि डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मालकांचं बरोबर आहे. अशा टोपल्या प्रत्येकाकडे असतात, अनेक असतात. एखादी लहानपणीच्या मधुमेहाशी जोडलेली, एखादी बोटांच्या संधिवाताशी, एखादी गहू न सोसण्याशी. बहुतेकींचं काही होत नाही. सत्तावीसची तपासणी सोपी आणि नाव सोपं, म्हणून तिची चर्चा जास्त. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही थायरॉईडची गोळी घेता ना? ती कशासाठी, कुणी सांगितलं का? तुमच्याच पाटलाने तुमची ग्रंथी झोडपली आहे."

वीस वर्षं मी ती गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेत होते. मला वाटायचं, तो वयाचा भाग.

घरी येऊन मी लाल पेन काढलं. उरलेल्या त्रेचाळीस नावांसमोर त्रेचाळीस ठिपके दिले, सगळे एका आकाराचे. मालक टेबलाभोवती फेऱ्या मारत होते. शेवटचा ठिपका झाल्यावर कागदाच्या डाव्या कोपऱ्यात मी माझं नाव लिहिलं, त्रेपन्नावं, आणि त्यासमोरही ठिपका दिला. मालकांनी वाकून, म्हणजे होते तसेच, ते वाचलं. "आली भावकीत," म्हणाले.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. उरणच्या त्या गृहस्थांना मालक पुढची सहा वर्षं दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे नेत होते. लग्न मोडलेलं, दोन घरांत बोलणं नाही. हे दोघे पनवेलच्या एका हॉटेलात भेटत, उभ्याने चहा पीत आणि दवाखान्यात जात. तारखा मला ठाऊक, कारण त्या लक्षात ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. आम्ही वाशीला परत आलो तरी मालक फोन करून विचारायचे, "बाय, आमचं कवा हाय?" त्या गृहस्थांचं अंतर चार बोटांवर थांबलं, पुढे वाढलं नाही. त्यांच्या मुलाच्या रक्तात काय आहे ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. ते गृहस्थ गेल्या वर्षी वारले, म्हणून आता एवढं लिहिते, आणि नाव तरीही लिहीत नाही.

मालक दोन वर्षांपूर्वी गेले, न्यूमोनियाने. वाकलेल्या छातीत श्वासाला जागा कमी असते, असं बाई म्हणाल्या.

तर मुक्ता, तुझा पहिला प्रश्न. तुझी पाठ वाकेल का, ते मला माहीत नाही आणि तुझ्या डॉक्टरांनाही आज सांगता येणार नाही. बहुतेक नाही. पण सकाळी उठल्यावर पाठ अर्ध्या तासात सुटत नसेल, किंवा हलल्यावर बरी आणि पडल्यावर वाईट होत असेल, तर अठरा वर्षं काय, अठरा दिवसही थांबू नकोस. डोळा पुन्हा लाल झाला तर त्याच दिवशी जा. मालकांच्या वेळी नव्हती तशी औषधं आता आहेत. तुझी टोपली कुणाकडून आली तेही ठाऊक नाही. काल आजोबांना पुन्हा भिंतीला उभं केलं. डोकं टेकलं. "घोडा अजून चालतोय ना?" म्हणाले.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालकांनी रिक्षात दिलं आहे. तुझं आहे ते. तू निषादला सांगितलंस, ते तू सांगितलंस. मी कुणाला सांगणार नाही, तुझ्या आईच्या मावशीलाही नाही, आणि तिने विचारलं आहे.

तुझा फोन झाल्यावर मी खारघरला जाऊन आले. दर्शना आता छत्तीस वर्षांची आहे. लग्न तिने पुढे स्वतःच्या पसंतीने केलं, मुलगी पाच वर्षांची आहे. पाठ सरळ. टेकडीवर अजून पळते. पंपाच्या खोलीची भिंत रंगवून घेतली तेव्हा मापं घेताना मालकांनी केलेल्या पेन्सिलच्या खुणा गेल्या, त्याचं तिला वाईट वाटतं. तिसऱ्या पायरीवर आता कुंडी आहे.

तक्ता मात्र बाहेरच्या खोलीत त्याच जागी आहे, फक्त फोटो दोनाचे तीन झालेत. लाल शाई आता विटकरी दिसते. मी चष्मा लावून जवळून पाहिला. उजव्या बाजूला, अगदी कडेला, एक ठिपका आहे जो माझ्या हातचा नाही. आकार वेडावाकडा आणि समोर नाव नाही. दर्शनाला विचारलं, तर तिला वाटतं शाई सांडली असेल. मला उरणच्या घरामागची ती भिंत आठवली, पण मी 'असेल' म्हटलं.

तक्त्यावर त्रेपन्न नावं आहेत आणि चोपन्न ठिपके.

तुमची,
आजी